तिसरी पिन

आमच्या थोरलीने घरातच फोटो स्टुडिओ काढायचे मनावर घेतले तेव्हा घरात दोन तट पडले. दादींचे म्हणणे, लोक काय म्हणतील. मुलीच्या अब्बांचे म्हणणे, आधी बी.ए. पूर्ण होऊ दे. फोटो जायज की नाजायज हा विषय तिच्या चाचांनी काढला, पण तो आम्ही वाढू दिला नाही. पासपोर्टला फोटो देतो, आधारला देतो, हजच्या अर्जाला देतो. मग मुलीने कॅमेरा हातात घेतल्यावरच तो प्रश्न का आठवावा? थोरलीचे म्हणणे साधे होते. मोहल्ल्यात निकाह होतात, मेहंदी होते, नवरीला एक चांगला फोटो हवा असतो. पण बाजारातल्या स्टुडिओत परक्या पुरुषासमोर नकाब काढून बसायला तिचे मन घेत नाही. बाईने बाईचे फोटो घरात काढले तर अडचण कुणाला?

हा विचार काही आजचा नव्हे. आमचा धाराशिव जिल्हा, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. उस्मानाबाद हे नावही सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले. त्याच हैदराबादेत राजा दीनदयाळ या नामांकित छायाचित्रकाराने १८९२ साली पर्दानशीन स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ उघडला होता. मिसेस केनी-लेविक नावाची इंग्रज बाई तो चालवीत असे. थोरलीने ही हकीकत दादींना सांगितली आणि विचारले, "निजामाच्या राज्यात चालत होतं, तर आपल्या घरात का नाही?" दादी हसल्या आणि पुढची खोली मिळाली.

एक फरक मात्र त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आला नाही. त्या काळचे स्टुडिओ मोठ्या खिडक्यांतून, काचेच्या छपरातून येणाऱ्या उजेडावर चालत. विजेची चमक नंतरची. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात तिला आजचे रूप दिले. खिडकीच्या उजेडाने कुणाला शॉक बसत नाही.

सोलापूरहून जुने सामान आणले. तीनशे जूलचे दोन फ्लॅश, लोखंडी स्टँड, एक छत्री, एक सॉफ्टबॉक्स. फ्लॅशच्या वायरला तीन पिनांचा प्लग होता आणि आमच्या पुढच्या खोलीच्या बोर्डात दोनच भोके. धाकट्याने दहा मिनिटांत तोड काढली. दुकानातून तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवणारा जोड आणला. वरची जाड, लांब पिन त्या जोडात नुसतीच अडकून राहिली, पुढे कुठेच गेली नाही. फ्लॅश लखकन चमकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

मे महिन्यात मोहल्ल्यातलीच एक नवरी आली. सोबत तिची आई, दोन बहिणी आणि खाला. ऊन असे की बसवत नव्हते, म्हणून थोरलीने शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली होती. खालाजान अनवाणी होत्या. छत्री नवरीच्या दुपट्ट्याला लागतेय असे वाटून त्यांनी स्टँड बाजूला सारायला हात लावला आणि "अगे मा!" म्हणून मागच्या पेटीवर आदळल्या. हात कोपरापर्यंत बधिर. चेहरा पांढरा.

अल्लाहचे लाख शुक्र की त्यांनी स्टँड मुठीत धरला नव्हता, हाताच्या मागच्या बाजूने नुसता ढकलला होता. शॉक बसला की स्नायू आखडतात. हाताची मागची बाजू लागली असेल तर हात मागे झटकला जातो. मुठीत धरलेले असेल तर मूठ आणखी आवळते आणि माणूस सोडू म्हटले तरी सोडू शकत नाही. ओली फरशी, अनवाणी पाय आणि आवळलेली मूठ, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या असत्या तर हा लेख आम्ही लिहीत बसलो नसतो.

त्या क्षणी घरात काय झाले, तेही सांगितले पाहिजे. थोरली ओरडली, "मेन बंद करा!" आणि मेन स्विच कुठे आहे हेच नवरीकडच्यांना सोडा, आमच्या अर्ध्या घराला ठाऊक नव्हते. तो ज्वारीच्या कोठीमागे, पोत्यांच्या थप्पीआड होता. पोती हलवायलाच दोन मिनिटे गेली. खालाजान स्टँडला चिकटून राहिल्या असत्या तर ती दोन मिनिटे कुठून आणली असती? त्यांना दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक निघाला. शॉक बसून माणूस उठून बसला तरी एकदा डॉक्टरांना दाखवावे, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात, असे त्यांनी बजावले.

संध्याकाळी जो भेटायला येई तो एकच वाक्य बोले: "मशीन म्हटलं की थोडा करंट असायचाच." हे वाक्य आपल्या घराघरांत इतके मुरले आहे की फ्रिजला हात लावताना चप्पल घालायची, कूलरला मनगटाने शिवून पाहायचे, ही आपली सावधगिरी झाली आहे. थोडा करंट म्हणजे किती? साठ वॅटचा साधा बल्ब जेवढा करंट घेतो, त्याच्या सुमारे आठव्या-नवव्या भागाने, म्हणजे तीस मिलिअँपिअरच्या पुढे गेले की माणसाच्या हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. एका बल्बचा आठवा भाग! आम्ही भाषेचे शिक्षक. 'विजेपासून सावधान' यातली वेलांटी दुरुस्त करण्यात आमची वीस वर्षे गेली, आणि घरातल्या बोर्डाची तिसरी पिन कुठे जाते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी धाकटा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला. प्लग काढून ठेवला होता, म्हणजे आता काय भीती, असा त्याचा हिशेब. पहिला स्क्रू निघाला आणि आमच्या मोहल्ल्यातले वायरमन चाचा दारात आले. वय सत्तरीचे, परवाना असलेले, आणि तोंडाने फटकळ. ते उंबऱ्यावरूनच ओरडले, "हात मत लगा रे!" आम्हाला तो क्षण खालाजानच्या शॉकहून अधिक भयंकर वाटतो, कारण तिथे धोका दिसत तरी होता.

चाचांनी समजावले ते असे. "मॅडम, आपल्याकडे नळ बारीक येतो. हंडा भरायला अर्धा तास लागतो. पण भरलेला हंडा उपडा केला तर सगळं पाणी एका दमात सांडतं. फ्लॅशच्या पोटात तसाच हंडा आहे." त्या हंड्याचे नाव कपॅसिटर. घरातली २३० व्होल्टची वीज आत जाऊन तीनशे-चारशे व्होल्टपर्यंत चढवून त्यात साठवली जाते आणि बटण दाबले की सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात नळीतून बाहेर फेकली जाते. तीनशे जूल एवढ्याशा वेळात म्हणजे त्या क्षणापुरते तीन लाख वॅट. दवाखान्यात बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला यंत्राने जो झटका देतात, त्याची ऊर्जाही साधारण दीडशे ते तीनशे साठ जूल असते. तो झटका डॉक्टर मोजूनमापून देतात. धाकट्याचा स्क्रूड्रायव्हर तो मोजणार नव्हता.

आणि प्लग काढला म्हणून हंडा रिकामा होत नाही. आत तो हळूहळू रिकामा करणारी सोय असते. पण जुन्या मशीनमध्ये तीच जळालेली असेल तर कित्येक तास, कधी दिवससुद्धा, तो भरलेलाच राहतो. म्हणून फ्लॅश उघडणे हे घरात करायचे कामच नव्हे. नळी किंवा आतला बल्ब बदलायचा असेल तरी आधी स्विच बंद करायचा, प्लग काढायचा, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे टेस्टचे बटण दाबून उरलेला भार उतरवायचा, आणि थंड होऊ द्यायचे. त्याउपर काही बिघडले तर दुरुस्तीवाल्याकडे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो तो सेलचा छोटा फ्लॅश निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्याही पोटात तीनशे व्होल्टच्या आसपास असतात. लहान मुलांच्या हाती खोलायला तोही देऊ नये.

आमचा एक फ्लॅश चाचांनी सोलापूरला धाडला. आतल्या वायरचे वेष्टन उष्णतेने वाळून फुटले होते आणि उघडी तार पत्र्याच्या अंगाला टेकत होती. म्हणजे अंगात करंट, अंगातून स्टँडमध्ये करंट. तिसरी पिन जमिनीला जोडलेली असती तर तो करंट तिच्यातून गेला असता. ती नव्हती, म्हणून खालाजानमधून गेला. प्लगची ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब का असते, हे आम्हाला चाचांनी पहिल्यांदा सांगितले: प्लग लावताना ती सर्वांत आधी लागावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. राखणदार आधी येतो आणि शेवटी जातो.

मग बोर्ड बदलायचा तर अर्थिंग कुठून आणायची? एका तरुण मेकॅनिकने झटपट उपाय सुचवला होता, न्यूट्रलमधून एक तार काढून तिसऱ्या भोकात देतो. पैसेही कमी सांगितले होते. चाचा त्यावर अक्षरशः लाल झाले. तो न्यूट्रल कुठे तुटला किंवा सैल झाला, तर त्या बोर्डावरच्या प्रत्येक यंत्राच्या अंगात पूर्ण २३० व्होल्ट येतात. ज्याने वाचवायचे त्यानेच मारायचे. असा जुगाड किती घरांत असेल, याचा विचार करून आम्हाला झोप लागली नाही.

शोधता शोधता परसात, चिंचेखाली, गंजलेला पाइप सापडला. घर बांधताना मुलांच्या दादाजींनी अर्थिंग करून घेतली होती! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूर, माकणी, लोहारा हा आमच्या जिल्ह्याचा भाग त्यात होरपळला. आमच्या घराचे माणसांवर निभावले, पण भिंतींना तडे गेले. ते बुजवून नवा गिलावा केला तेव्हाच ती तार तुटली असावी. गिलाव्यामागे काय गेले हे पाहायला त्या वेळी कुणाचे चित्त ठिकाणावर होते? तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही अर्थिंग असलेल्या घरात अर्थिंगविना राहत होतो.

चाचांनी कुठून तरी अर्थ टेस्टर आणला आणि आमच्या जिल्ह्याचे दुखणे त्या काट्यावर दिसले. आमच्याकडे वरचा काळ्या मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. वीज जमिनीत जिरते ती ओलाव्याच्या आणि क्षारांच्या आधाराने. मे महिन्यात ही जमीन भाजलेल्या खापरासारखी कोरडी असते, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच. पाइपचा रोध पंचवीस ओहमच्या आसपास निघाला. चाचांनी कागदावर हिशेब मांडला: २३० भागिले २५, साधारण नऊ अँपिअर. फ्लॅशच्या अंगात पूर्ण करंट उतरला तरी जमिनीत नऊच अँपिअर जाणार, आणि आमचा एमसीबी सोळाचा. तो पडणारच नाही. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरी स्टँड जिवंत तो जिवंतच! एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस जळू नये म्हणून नव्हे, ही गोष्ट आम्हाला पन्नाशीकडे झुकताना कळली.

म्हणून दोन कामे केली. पहिले, भिंतीपासून दीड मीटर सोडून नवा खड्डा, त्यात अडीच मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी घालायला नरसाळे. पण पाणी कुठले? उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याला भांडणे होतात, तिथे खड्ड्यात बादली ओतणारे आम्ही कोण? त्यावर तोड दादींनी काढली. वजूच्या मोरीचे पाणी परसात गुलाबाला जायचे, तिथेच एक फाटा काढून ते नरसाळ्याकडे वळवले. पाच वेळच्या वजूचे पाणी, घरात सहा माणसे. पंधरा दिवसांनी टेस्टरने आठ ओहम दाखवले. गुलाबही सुकला नाही.

दुसरे काम आरसीसीबीचे. तीस मिलिअँपिअरचा बसवला, दोन-अडीच हजारांत आला. जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांत एवढासा फरक दिसला की तो डोळ्याची पापणी लवण्याआत वीज तोडतो. जमीन कोरडी असो की ओली. मात्र त्याच्याही मर्यादा चाचांनी सांगून ठेवल्या. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवत नाही, आणि फ्लॅशच्या पोटातल्या त्या हंड्यापुढे तर तो आंधळाच, कारण तो करंट त्याच्यातून जातच नाही.

आरसीसीबी बसवला त्या संध्याकाळचा प्रसंग सांगतो. स्टुडिओचे दोन्ही फ्लॅश लावले, काही नाही. पंखे, फ्रिज, टीव्ही, सगळे ठीक. चाचांनी दादींच्या खोलीतल्या कूलरचा दोन पिनांचा प्लग कापून तिथे तीन पिनांचा लावला, बटण दाबले, आणि खट्! सारे घर अंधारात. पुन्हा चढवला, पुन्हा खट्. पाण्याच्या पंपाची वायर कूलरच्या पत्र्याला टेकली होती. दादी रोज दुपारी त्याच कूलरशेजारी तसबीह घेऊन बसायच्या, नातवंडे त्यात हाताने पाणी ओतायची. दादी लाकडी पाटावर बसतात आणि मुलांच्या पायांत रबरी चपला असतात, एवढ्याच आधारावर आम्ही किती उन्हाळे काढले होते कुणास ठाऊक. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणूस गेल्याची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. फ्लॅशच्या निमित्ताने खोदायला गेलो आणि साप दुसऱ्याच बिळातून निघाला.

आता थोरलीच्या स्टुडिओत काही गोष्टी बदलल्या आहेत. पायांखाली कोरडी रबरी चटई असते आणि फरशी पुसली तर वाळेपर्यंत काम थांबते. वायर दारातून आडवी जात नाही, भिंतीलगत चिकटपट्टीने बसवलेली असते. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, कारण नवरीसोबत येणारी पोरे कुठेही पळतात. फ्लॅशमधला उजेड दाखवणारा हॅलोजन बल्ब फार तापतो, त्यावर दुपट्टा किंवा पडदा टाकून उजेड मऊ करायची एक वाईट सवय तिला लागली होती, ती सोडवली. जुना फ्लॅश वायरने कॅमेऱ्याला जोडत नाही. कित्येक जुन्या फ्लॅशच्या त्या वायरीत दोनशे व्होल्टहून अधिक असतात आणि नवा कॅमेरा जळू शकतो. म्हणून बिनतारी ट्रिगर. वीज गेली की आधी फ्लॅशचे बटण बंद, कारण आमच्याकडे ती परत येते तेव्हा कधी कमी, कधी जास्त दाबाने येते. घरातल्या स्वस्त इन्व्हर्टरवर फ्लॅश चालवत नाही. खरे सांगायचे तर छोट्या कामाला, पासपोर्ट फोटोला, तिने एक एलईडी पॅनेल घेतले आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलींना आम्ही तेच सुचवू. मोठा फ्लॅश निकाहच्या जोड्यासाठी, ज्याच्या जरीला तो हवाच असतो.

ज्वारीची पोती कोठीमागून हलवली. मेन स्विचवर लाल रंग मारला आणि घरातल्या प्रत्येकाला, दादींनासुद्धा, तो खाली ओढायला लावला. कुणाला शॉक बसला तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन, आणि मेन हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला दूर ढकलायचे. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात, मिनिटाला शंभर ते एकशे वीस. रस्त्यावरची तार तुटली असेल तर जवळही जायचे नाही, १९१२ वर महावितरणला कळवायचे. रात्री झोपण्याआधी दिवे विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, हे आपण मुलांना शिकवतोच. आमच्या घरी आता त्यासोबत स्टुडिओचे प्लगही निघतात, निदान इशानंतर कुणीतरी जाऊन पाहून येते.

खालाजान जूनमध्ये पुन्हा आल्या. उमराहच्या पासपोर्टसाठी फोटो हवा होता. पायात रबरी चपला घालूनच आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि शेवटपर्यंत दोन्ही हात मांडीवर. थोरलीने सांगितले, "खाला, हा एलईडी आहे, फ्लॅश नाही." त्या म्हणाल्या, "नाव काहीही असू दे बेटा, तू फोटो काढ."

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबले की वीज गेली पाहिजे. नाही गेली तर तो निकामी झाला असे समजायचे. महिन्यातून एकदा दाबा, असे चाचांचे सांगणे. धाकट्याने त्यासाठी महिन्याचा पहिला जुमा धरला आहे. नमाजहून आला की टोपी न काढता थेट मेनपाशी जातो आणि बटण दाबतो. दादींची मालिका त्याच वेळी सुरू असते.